बिजाच्या पेल्यापासून रेणूच्या पेल्यापर्यंत : पाण्यातील धातू उजेडाने ओळखण्याची गोष्ट

१/ गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा आणि नवेगावच्या जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू यांच्या सोबतीने बिजा नावाचा वृक्ष वाढतो. राज्याच्या इतर भागांत त्याला बिबळा किंवा असणा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव टेरोकार्पस मार्सुपियम. सालीला घाव बसला की त्यातून रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. या लाकडाचा पेला कोरून त्यात रात्रभर पाणी ठेवण्याची आणि सकाळी ते औषध म्हणून पिण्याची प्रथा जुनी आहे. ते पाणी सोनेरी-तपकिरी होते आणि उन्हात तिरके धरले तर त्याच्या कडेला निळसर झाक दिसते. औषधी गुणांची चर्चा वैद्यांकडे सोडून हा धागा त्या निळ्या झाकेचा माग घेतो. पाण्यातले शिसे, जस्त, पारा उजेडाच्या साहाय्याने शोधणाऱ्या आजच्या रसायनशास्त्राचा उगम अशाच एका झाकेत आहे.

२/ सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोतून एक लाकूड युरोपात नेऊ लागले. मूत्रपिंडाच्या विकारांवर ते गुणकारी समजले जाई, म्हणून त्याचे लॅटिन नाव पडले ‘लिग्नम नेफ्रिटिकम’. सेव्हिल येथील वैद्य निकोलास मोनार्देस याने १५६५ साली नोंदवले की या लाकडाचे तुकडे पाण्यात टाकले की पाणी निळे दिसू लागते. पुढे याच नावाने पेलेही युरोपात पोचले. जेझुइट पंडित अथानासियस किर्शर याला असा एक पेला भेट मिळाला आणि त्याने तो सम्राटाला नजर केला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड याने उलगडा केला की एकाच नावाखाली दोन झाडे वावरत होती. तुकडे मेक्सिकोतल्या एका लहान झाडाचे होते. पेले मात्र फिलिपाइन्समधल्या टेरोकार्पस इंडिकसचे, म्हणजे आपल्या बिजाच्या सख्ख्या भावंडाचे होते.

३/ या पाण्याला पहिला खरा प्रश्न विचारला रॉबर्ट बॉइल याने. रंगांवरील त्याचा ग्रंथ १६६४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने लिहिले की या पाण्यात आम्ल टाकले की निळी झाक नाहीशी होते आणि अल्कली टाकली की ती परत येते. तेव्हा हे पाणी नुसते पाहण्याची नवलाई नसून, एखादा द्रव आम्लधर्मी आहे की नाही हे सांगणारी ती कसोटी ठरू शकते, हे त्याने ओळखले. एक रेणू, त्याला भेटणारा एक परका पदार्थ आणि त्या भेटीची खबर देणारा उजेड, ही संवेदकाची तिन्ही अंगे त्या पेल्यात हजर होती. शब्द मात्र अजून जन्मायचा होता. त्या मेक्सिकन लाकडातला उजळणारा रेणू तर थेट २००९ साली नक्की ओळखला गेला.

४/ शब्द आला १८५२ साली. केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स याने लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि क्विनीनच्या द्रावणाची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या रंगांत काहीच घडले नाही. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना अंधारच दिसतो, तिथे पोचताच नळी निळ्या प्रकाशाने उजळली. अदृश्य किरण शोषून रेणू दृश्य प्रकाश बाहेर टाकत होता. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा शोषलेल्यापेक्षा कमी, म्हणजेच त्याची तरंगलांबी अधिक असते, हा नियम आज स्टोक्सच्या नावाने ओळखला जातो. या घटनेला त्याने फ्लोरस्पार या खनिजावरून ‘फ्लुओरेसेन्स’ असे नाव दिले. मराठीत तिला प्रतिदीप्ती म्हणतात.

५/ फ्लोरस्पार, म्हणजेच फ्लोराइट, विदर्भाला परके नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे त्याचा साठा आहे. हे खनिज कॅल्शियम आणि फ्लोरिन यांचे बनलेले असते. शुद्ध फ्लोराइट मुळी उजळत नाही. त्याची ओळखीची निळी दीप्ती येते ती स्फटिकात शिरलेल्या युरोपियम या धातूच्या अत्यल्प आयनांमुळे. ज्या दगडाने या शास्त्राला नाव दिले, त्याचा उजेड हीच एका धातूची खूण होती. हे कळायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

६/ स्टोक्सच्या आणखी एका निरीक्षणाचे मोल मोठे आहे. आम्लात विरघळलेल्या क्विनीनमध्ये साध्या मिठासारखा क्लोराइडयुक्त पदार्थ मिसळला की निळा उजेड मंदावतो. क्विनीनचा रेणू तोच, प्रमाण तेच, तरी शेजारी कोण आहे यावर त्याचे उजळणे ठरते. रसायनशास्त्रज्ञांच्या पुढल्या पिढ्यांनी या दोन्ही बाजू वापरल्या. कुणाच्या येण्याने दिवा विझतो आणि कुणाच्या येण्याने तो पेटतो, हे एकदा कळले की दिव्याकडे पाहून पाहुणा ओळखता येतो.

७/ धातू ओळखण्यासाठी हा दिवा वापरण्याचा मान सहसा फ्रीडरिश गोपेल्सरोडर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला दिला जातो. साल १८६७. क्यूबातून येणाऱ्या पिवळ्या रंगाच्या लाकडात ‘मोरिन’ नावाचे रंगद्रव्य असते. आपल्या फणसाच्या लाकडाच्या पिवळेपणातही त्याचा वाटा असतो. एकटे मोरिन जेमतेम उजळते. द्रावणात ॲल्युमिनियमचे आयन आले की मोरिनचा रेणू त्यांना आपल्या ऑक्सिजन अणूंच्या चिमट्यात धरतो आणि द्रावण हिरव्या तेजाने झळकू लागते. तराजूला ज्याचा पत्ता लागणार नाही, एवढे ॲल्युमिनियम डोळ्यांना दिसू लागले.

८/ या माणसाची दुसरी ओळख विसरून चालणार नाही. गोपेल्सरोडर बाझल शहराचा सार्वजनिक रसायनशास्त्रज्ञ होता. १८६०च्या दशकात तिथे फुक्सिन नावाच्या किरमिजी रंगाचे कारखाने निघाले. तो रंग बनवताना आर्सेनिक आम्ल वापरले जाई आणि सांडपाणी जमिनीत मुरे. १८६४च्या सुमारास कारखान्याशेजारच्या विहिरींचे पाणी पिणारे लोक आजारी पडले. त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे तपासणीतून सिद्ध करण्यात गोपेल्सरोडरचा हात होता. विहिरीचे पाणी दिसायला नितळ असले तरी विषारी असू शकते, हे त्याने स्वतः अनुभवले होते. पाण्यातले अदृश्य द्रव्य दृश्य करण्याची ओढ या शास्त्राला जन्मापासूनच आहे, ती अशी.

९/ आता गोंदियाकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. मालगुजारांच्या काळातले तलाव, ज्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि ते बांधण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज झालेला कोहळी समाज ही या भूमीची ओळख. तलावाचे पाणी पावसाचे असते, दगडाशी त्याची ओळख वरवरची राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी विंधन विहिरी आणि हातपंप आले. रोगजंतूंपासून बऱ्याच अंशी सुटका झाली. पण खोल खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी आपल्याबरोबर त्या खडकाचे क्षारही घेऊन वर येऊ लागले.

१०/ हा खडक भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील आमगाव या गावावरून तो ‘आमगाव नाइस’ म्हणून ओळखला जातो. भारतीय द्वीपकल्पाच्या अतिप्राचीन पायाचा तो भाग आहे. नाइस आणि ग्रॅनाइट जातीच्या खडकांतील अभ्रक, अपटाइट यांसारख्या खनिजांत फ्लोरिन दडलेले असते आणि ते पाण्यात सावकाश उतरते. केंद्रीय भूजल मंडळाने फ्लोराइडची मर्यादा ओलांडणारे नमुने आढळलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांची यादी दिली आहे. तिच्यात चंद्रपूर, नागपूर, गडचिरोली यांच्याबरोबर गोंदियाचेही नाव येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ आणि कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे.

११/ फ्लोराइडवरचा देशी उपाय नागपुरात तयार झाला. १९५८ साली तिथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिचे नाव ‘नीरी’ झाले. याच संस्थेने ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. पाण्यात तुरटी आणि चुना घालून ढवळायचे, साका खाली बसू द्यायचा आणि त्याबरोबर फ्लोराइडही खाली न्यायचे. पद्धत स्वस्त आणि गावात करता येण्याजोगी होती. पण तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. प्रमाण चुकले तर फ्लोराइड काढताना पाण्यात ॲल्युमिनियम मागे राहू शकते. त्याची इष्ट मर्यादा ०.०३ आणि कमाल मर्यादा ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकी कडक आहे. बाझलच्या मोरिनने विचारलेला प्रश्न विदर्भातल्या पाण्याच्या टाकीपाशी पुन्हा उभा राहतो तो असा.

१२/ धातूंच्या बाबतीत जगाचे डोळे उघडले ते जपानमध्ये. १९५६ साली मिनामाता येथे माणसे, मांजरे आणि पक्षी यांना जडलेल्या विचित्र मज्जाविकाराची अधिकृत नोंद झाली. कारण निघाले कारखान्याच्या सांडपाण्यातून मासळीत उतरलेला पारा. जिंझू नदीच्या खोऱ्यात ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ या नावाचा आजार पसरला होता. हाडे ठिसूळ होऊन मोडत. खाणीतून नदीत आणि नदीतून भातखाचरांत गेलेले कॅडमियम हे त्याचे कारण. जपान सरकारने १९६८ साली तो प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्य केला. धातूने शरीरात शिरण्याची वाट भाताच्या शितातून गेली होती, ही गोष्ट धान पिकवणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

१३/ भाताचे आणि धातूंचे नाते गुंतागुंतीचे असते. बांधीत पाणी साचलेले असताना मातीत प्राणवायू संपतो. अशा वेळी कॅडमियम गंधकाशी जखडून बसते आणि मुळांना सहसा मिळत नाही. कापणीपूर्वी पाणी काढले की ते सुटे होते. आर्सेनिकचे वागणे नेमके उलट असते. पाणी साचलेले असताना ते मोकळे होते. साचलेल्या पाण्यात जस्तही रोपांना दुर्मिळ होते. तराईतील भाताला होणाऱ्या ‘खैरा’ रोगाचे मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे १९६६ साली पंतनगर येथे दाखवून दिले ते ग्वाल्हेरच्या मराठी घरातील यशवंत लक्ष्मण नेने यांनी. म्हणजे एकाच बांधीत एक धातू हवा, दुसरा नको आणि दोघांचे प्रमाण पाण्याच्या पातळीबरोबर बदलणारे. केवळ एकूण धातू किती, हे कळून काम भागत नाही.

१४/ एकूण धातू मोजणारी यंत्रे तोवर आली होती. १९५५ साली ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी अणुशोषण वर्णपटमापनाची पद्धत मांडली. पुढे प्लाझ्मा आणि वस्तुमान वर्णपटमापक यांची जोड देणारी, अब्जांश भागापर्यंत पोचणारी यंत्रे आली. त्यांची अचूकता वादातीत आहे. पण ती महाग असतात, प्रशिक्षित हात मागतात आणि नमुना त्यांच्यापाशी न्यावा लागतो. शिवाय ज्वालेत किंवा प्लाझ्मात नमुना मोडून टाकल्यावर धातू जिवंत पेशीत कुठे होता, सुटा होता की बांधलेला, हे कळण्याची सोय उरत नाही. जिथे धातू आहे तिथेच जाऊन खबर आणणारा हेर हवा होता.

१५/ हा हेर घडवण्याची पहिली गुरुकिल्ली अपघाताने सापडली. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत चार्ल्स पेडरसन दुसऱ्याच रेणूच्या मागे असताना त्यांच्या भांड्यात थोडे पांढरे स्फटिक उरले. अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेला हा अवशेष त्यांनी टाकून दिला नाही. तो निघाला कंकणाच्या आकाराचा रेणू, आत ऑक्सिजनचे अणू आणि मध्ये पोकळी. पोटॅशियमचा आयन तिच्यात नेमका बसे. १९६७ साली त्यांनी हे ‘क्राउन ईथर’ जगापुढे मांडले आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बांगडी जशी मनगटाच्या मापाने घेतात, तशी रेणूची पोकळी आयनाच्या मापाने घडवता येते, हा धडा त्यातून मिळाला.

१६/ दुसरी गुरुकिल्ली रॉजर त्सियन यांच्या हाती लागली. पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे जेवढे प्रमाण असते, त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याइतकेच ते विश्रांत पेशीच्या आत सुटे असते. त्याच पेशीत मॅग्नेशियम मात्र मुबलक. गर्दीत एक चेहरा ओळखावा तसे हे काम. केंब्रिजमध्ये असताना १९८० साली त्यांनी ‘बॅप्टा’ हा रेणू मांडला. जुन्या कॅल्शियमग्राही रेणूतील नायट्रोजन त्यांनी बेंझिनच्या कड्याला जोडले, त्यामुळे पेशीच्या नेहमीच्या आम्लतेत प्रोटॉनची लुडबूड थांबली. बॅप्टाची पोकळी कॅल्शियमला पुरेशी, मॅग्नेशियमला सैल. १९८५ साली आलेल्या ‘फ्युरा-२’ने दोन तरंगलांबींच्या गुणोत्तरातून प्रमाण वाचण्याची सोय केली. रंग किती घातला, दिवा किती प्रखर, या चुका गुणोत्तरात आपोआप कटतात.

१७/ तिसरी गुरुकिल्ली दक्षिण आशियातली आहे आणि तिची आठवण कमी काढली जाते. कोलंबो विद्यापीठात काम करणारे ए. प्रसन्न डी सिल्वा यांनी १९८५ साली प्रकाशप्रेरित इलेक्ट्रॉन-स्थलांतरावर चालणारा आम्लतादर्शक रेणू प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी अँथ्रासीन या उजळणाऱ्या रेणूला क्राउन ईथरची जोड देऊन सोडियम-पोटॅशियमसारख्या आयनांच्या येण्याने ‘पेटणारा’ संवेदक त्यांनी मांडला. कल्पना सुटसुटीत होती. एक दिवा, एक हात आणि दोघांना जोडणारा छोटा दांडा, असे तीन भाग वेगवेगळे निवडायचे आणि एकत्र जोडायचे.

१८/ हे तंत्र चालते कसे? हाताच्या टोकाशी असलेल्या नायट्रोजनजवळ इलेक्ट्रॉनांची एक सुटी जोडी असते. प्रकाश पडून दिव्याचा रेणू उत्तेजित झाला की या जोडीतला एक इलेक्ट्रॉन दांड्यावरून उडी मारून त्याची रिकामी जागा भरतो. उत्तेजित ऊर्जा उजेडाऐवजी उष्णतेत विरते आणि दिवा मिणमिणताच राहतो. धातूचा आयन हातात आला की तो त्या जोडीला स्वतःकडे गुंतवून ठेवतो. उडी बंद होते आणि दिवा लखलखतो. जुन्या घरात वारा येणारी फट बुजवली की समई स्थिर जळावी, तसेच काहीसे. डी सिल्वा पुढे बेलफास्टला गेले. त्यांच्या तत्त्वावरचे संवेदक रक्तातील सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम मोजणाऱ्या लहान रुग्णालयीन उपकरणांत प्रत्यक्ष वापरले गेले.

१९/ हात कोणता निवडायचा, याचेही शास्त्र आहे. १९६३ साली राल्फ पिअरसन यांनी धातू-आयनांची ‘कठीण’ आणि ‘मृदू’ अशी विभागणी सुचवली. ॲल्युमिनियमसारख्या कठीण आयनांना ऑक्सिजनचा संग प्रिय, पाऱ्यासारख्या मृदू आयनांना गंधकाचा. जस्त आणि तांबे मधल्या जागेत बसतात, त्यांना नायट्रोजन मानवतो. तरीही नाती गुंततातच. जस्त आणि कॅडमियम आवर्तसारणीत एकाच उभ्या रांगेतले, दोघांचा विद्युतभारही सारखा. फरक मुख्यतः आकाराचा, तोही अँगस्ट्रॉमच्या पाचव्या हिश्श्याएवढा. जस्तासाठी घडवलेला हात कॅडमियमही उचलतो. एक शरीराला आवश्यक, दुसरे घातक. तेव्हा हा गोंधळ केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

२०/ काही धातू दिवा पेटवण्याऐवजी विझवतात. तांब्याचा आणि लोहाचा आयन अशा स्वभावाचा, पाऱ्यासारखा जड आयनही तसाच. विझलेल्या दिव्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे, कारण दिवा इतर कारणांनीही विझतो. १९९७ साली अँथनी झार्निक आणि सहकाऱ्यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी रोडामिन या रंगद्रव्याचा असा अवतार घेतला, ज्यात रेणूचे एक कडे मिटलेले असते आणि म्हणून तो रंगहीन असतो. तांब्याच्या आयनाने ते कडे उघडते आणि रंग व उजेड दोन्ही प्रकट होतात. २००५ साली दक्षिण कोरियातील गटाने याच कुळातल्या रेणूला गंधकाची जोड देऊन पाण्यातला पारा टिपला. ती क्रिया एकदाच आणि परत न फिरणारी असते. असा रेणू मोजमापाची पट्टी नसून चोर पकडणारा सापळा असतो.

२१/ महाराष्ट्राने या शास्त्रात मोलाची भर घातली आहे. आयआयटी मुंबईत चेब्रोलु पुल्ला राव यांच्या गटाने ‘कॅलिक्सअरीन’ कुळातील रेणूंवर दीर्घकाळ काम केले. हे रेणू चार कड्यांनी बनलेल्या पेल्यासारखे दिसतात. डेव्हिड गुच यांनी त्यांना हे नाव दिले तेच मुळी प्राचीन ग्रीक पेल्याच्या आकारावरून. राव यांच्या गटाने पेल्याच्या खालच्या काठाला नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेले दोन हात जोडले. जस्त त्या हातांत आले की उजेड वाढतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका संवेदकाने रक्तद्रवाच्या माध्यमातही जस्त ओळखून दाखवले. बिजाच्या लाकडी पेल्यात उजळलेल्या पाण्यानंतर साडेतीन-चार शतकांनी पेला स्वतःच रेणूएवढा झाला होता.

२२/ हे काम केवळ पवईपुरते राहिले नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रतिदीप्ती देणाऱ्या सेंद्रिय नॅनोकणांवर आणि जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात ॲल्युमिनियम, कोबाल्ट इत्यादींच्या संवेदकांवर शोधनिबंध निघाले. यातले पुष्कळ रेणू ‘शिफ बेस’ जातीचे असतात. एक अल्डिहाइड आणि एक अमाइन अल्कोहोलात एकत्र तापवले की एका दिवसात स्फटिक हाती येतात. कोट्यवधींची सामग्री नसलेल्या महाविद्यालयातही हे करता येते. भारतातील जिल्ह्याजिल्ह्यांतून या विषयावर इतके लेखन झाले, त्यामागे हे साधेपण आहे.

२३/ पण साधेपणाची दुसरी बाजूही पाहावी लागते. शोधनिबंधांतील पुष्कळ संवेदक ॲसिटोनायट्राइलसारख्या सेंद्रिय द्रावकात उत्तम उजळतात आणि पाण्यात मंदावतात. पाण्याचे रेणू आयनाभोवती इतके घट्ट कोंडाळे करतात की संवेदकाच्या हाताला आयन मिळतच नाही. खऱ्या तलावाच्या पाण्यात अडचणी आणखी वाढतात. कुजलेल्या पानांतून उतरलेली ह्युमिक द्रव्ये स्वतःच निळसर उजळतात. लोहाचे आयन दिवा विझवतात. गढूळपणा प्रकाश विखुरतो. शुद्ध पाण्यात एक धातू घालून केलेली परीक्षा आणि पन्नास द्रव्ये असलेल्या पाण्यातली परीक्षा यांत केवढे अंतर आहे, हे मामा तलावाच्या एका बाटलीतून कळू शकेल.

२४/ शेजारचे एक उदाहरण याहून बोलके आहे. गोंदियाच्या पूर्वेला लागून असलेल्या तत्कालीन राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा परिसरात भूजलात आर्सेनिक आहे आणि लोक त्याने आजारी आहेत, हे १९९९ साली शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आले. तिथे कारखाना नव्हता, आर्सेनिक खडकातलेच होते. आर्सेनिक पाण्यात धातूच्या साध्या धन आयनासारखे वावरत नाही. ऑक्सिजनला चिकटून ते ऋणभारित रूप घेते किंवा भाररहित राहते. त्यामुळे धातू पकडण्यासाठी घडवलेले बहुतेक हात त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. ज्या विषाने गोपेल्सरोडरच्या काळात बाझलच्या विहिरी नासवल्या, त्याला उजेडात आणणे आजही सर्वांत कठीण कामांपैकी एक आहे.

२५/ मर्यादांचे आकडे पाहिले की कामाची उंची कळते. भारतीय मानकात शिशाची मर्यादा ०.०१, कॅडमियमची ०.००३ आणि पाऱ्याची ०.००१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. पाऱ्याचा आकडा म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम. जिल्ह्यातील तिरोडा येथे ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. जगातल्या सर्वच कोळशात पाऱ्याचा अंश असतो, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याच्या उत्सर्जनाची मर्यादा प्रथमच ठरवली. मर्यादा कागदावर आली की मोजणारा हात लागतो. मोजणी जितकी गावाजवळ, तितका मर्यादेला अर्थ.

२६/ जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या हातातल्या संचात आम्लता, कठीणपणा, क्लोराइड, लोह, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टी रंगावरून कळतात. शिसे, कॅडमियम, पारा हे मात्र सहसा त्या पेटीत नसतात, त्यांच्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. रेणूच्या पेल्याने भरून काढावी अशी जागा नेमकी इथे आहे. कागदाच्या पट्टीवर वाळवलेला संवेदक, हातात मावणारा जंबुपार दिवा आणि मोबाइलचा कॅमेरा, एवढ्यावर काम भागावे या दिशेने जगभर प्रयत्न चालू आहेत.

२७/ या सबंध इतिहासात उजेड नेहमी एखाद्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देत आला आहे. बॉइलने आम्ल विचारले, त्याला आम्ल कळले. गोपेल्सरोडरने ॲल्युमिनियम विचारले, त्सियन यांनी कॅल्शियम. जो धातू विचारला नाही, त्याविषयी सर्वोत्तम संवेदकही गप्प बसतो आणि पाणी नितळच दिसते. म्हणून रेणू घडवण्याआधी प्रश्न निवडावा लागतो आणि तो निवडताना खडक कोणता, पीक कोणते, विहीर किती खोल, हे ठाऊक असावे लागते. आमगाव नाइसवर वसलेल्या धानाच्या जिल्ह्याचे प्रश्न पवईत किंवा केंब्रिजमध्ये आपोआप सुचणार नाहीत. ते इथल्या पाण्यातूनच निघतील आणि इथल्याच कुणी तरी ते आधी विचारावे लागतील.

धागा समाप्त.